नागाच्या मापाचा मास्क

माझे सासरे नाग होते.

हे मी रागाने म्हणत नाहीये. रागाने म्हणायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या मी वेळच्या वेळी म्हणून मोकळी झालेली आहे. (आमच्या ह्यांना विचारा.) ही आपली नुसती माहिती. काही लोक कसं सांगतात, आम्ही मूळचे देवरुखचे, पोटापाण्यासाठी मुंबईला आलो, तसं अण्णा सांगायचे, "मी मूळचा नाग. ह्या जन्मी माणसांत आहे." अंगात येणं नाही, डोळे फिरवणं नाही, फूत्कार नाही. चहा पिता पिता सांगायचे आणि सांगून झालं की पुढचं बिस्कीट बुडवायला घ्यायचे.

मला बघायला आले तेव्हाही त्यांनी काही लपवलं नाही. आमचं माहेर साताऱ्याचं, हे लोक कुडाळकडचे. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं, आणि अण्णा माझ्या वडिलांना म्हणाले, "दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, मागाहून तक्रार नको. मुलगा निर्व्यसनी आहे. आणि मी नाग आहे."

वडिलांना वाटलं, कोकणातली काहीतरी कुळाचाराची भानगड असेल. ते म्हणाले, "असू द्या की. आम्ही तसलं काही मानत नाही."

"मानायचा प्रश्नच नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "आहे ते आहे."

आणि लग्न ठरलं. (निर्व्यसनी हा शब्द कानावर पडल्यावर माझ्या आईने पुढचं काही ऐकलंच नव्हतं.)

सासरी आल्यावर हळूहळू उलगडा झाला. अण्णांनी तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली. साखळी टाकून लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे बोलणं मोजूनमापून. आपल्या नागपणाबद्दलही ते अगदी काटेकोर असायचे. नागपंचमीला कोणी शेजारीण कौतुकाने वाटीभर दूध घेऊन आली की म्हणायचे, "वहिनी, नाग दूध पीत नाही. हा तुम्हा लोकांचा फार जुना गैरसमज आहे. चहा असेल तर टाका." कानाने कमी ऐकू यायचं, तर त्याचंही त्यांना वाईट वाटत नसे. "आम्हाला बाहेरून कान नसतातच. मला तळपायाने कळतं," म्हणायचे. श्रावणात आपले झाडून सगळे जुने कपडे काढून टाकायचे, नवे घालायचे आणि दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. "कात टाकल्यावर अंग हुळहुळं असतं." कोकणात नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, विळी काढत नाहीत, जमीन खणत नाहीत. बाकीच्या घरांत तो रिवाज होता. आमच्या घरात ती घरच्या माणसाची काळजी होती.

मी आधी भांडून बघितलं, मग समजावून बघितलं. शेवटी एकदा सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही कसं काय चालवून घेतलंत हे?"

त्या नारळ खवत होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. चावले नाहीत कधी. माझ्या बहिणीचा नवरा स्वतःला माणूस म्हणवतो, त्याचं तोंड बघ एकदा." 

आमचे हे तेव्हा आखातात, रियाधजवळच्या अल खर्जला होते, एका दूध डेअरीत. दूध थंड ठेवायच्या यंत्रांची देखभाल ह्यांच्याकडे. हजारो गाई, त्यांच्यासाठी रात्रंदिवस चालणारे पंखे, आणि त्या गाईंच्या मानाने जरा लहान अशी आमची क्वार्टर. दोन खोल्या, न्हाणीघर आणि पुढे सिमेंटचा ओटा. हे, मी आणि आमची सात वर्षांची पिंकी असे आम्ही तिघं तिथे मजेत होतो. नव्वद साली जूनमध्ये ह्यांनी व्हिजिट व्हिसावर अण्णांना बोलावून घेतलं. बाहेर अंडं ठेवलं तर भाजून निघेल असं ऊन, आणि अण्णा ओट्यावर उघड्या अंगाने बसून म्हणतात कसे, "विलास, आयुष्यात पहिल्यांदा अंगाला ऊब आली."

ते ऑगस्टअखेर परत जायचे होते. तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच शेजारच्या कुवेतवर हल्ला झाला.

मग सगळंच अडकलं. डेअरी ह्यांना सोडायला तयार नव्हती, कारण लढाई सुरू झाली म्हणून गाई काही दूध द्यायच्या थांबत नाहीत. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या अरबी मालकाच्या, कपाटात. हे मला म्हणाले, "सुमन, तू पोरीला घेऊन जा." मी साफ नाही म्हटलं. मी गेल्यावर हे पाण्यात मीठ घालून आमटी म्हणून पिणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. राहता राहिले अण्णा. त्यांना एकटं पाठवायची सोय नव्हती. येताना विमानातल्या एसीने ते असे काही निपचित पडले होते, की विमानात कोणी डॉक्टर आहे का म्हणून पुकारा झाला होता. (जमिनीवर उतरून ऊन लागल्याबरोबर उठून बसले आणि विचारलं, चहा आहे का.) शेवटी आम्ही त्यांच्या व्हिसाची मुदत वाढवून घेत राहिलो.

सासूबाईंचा फोन आला. गावातल्या एकुलत्या एका फोनवर तासभर नंबर लावून त्या बोलत होत्या. "सुमन, विलासवर माझा भरवसा नाही, तो गाईंच्या मागे असतो. मी ह्यांना तुझ्या पदरात घालते. त्यांचं नागपण, माणूसपण, काय असेल ते असू दे. पण जिवंत आण. धड आण."

"आणते, आई," मी म्हटलं.  मी तोंडाने कितीही फटकळ असले तरी दिलेला शब्द मला झोपू देत नाही.

जानेवारी उजाडला. लढाई होणार हे आता पोरांनाही कळत होतं. पिंकीची शाळा बंद झाली. रेडिओवर सारखं चाललेलं की क्षेपणास्त्रातून विषारी वायू येऊ शकतो. मग डेअरीच्या स्टोअरमध्ये गॅस मास्क आले. स्टोअर सांभाळायला होते शब्बीरभाई. रत्नागिरीकडचे, आमच्या ह्यांचे जुने दोस्त, आमच्याच रांगेत राहायचे. मी पिशवी घेऊन पोचले. शब्बीरभाईंनी आमचे तिघांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, बघून तीन मास्क दिले आणि वही मिटली.

"चौथा?" मी विचारलं.

"वहिनी, इकामा हाय त्यालाच मास्क, असा वरून हुकूम. अण्णा व्हिजिटवर."

"म्हणजे वायू इकामा बघून नाकात शिरतो काय?"

"वहिनी, माझ्यावर नका ओरडू. मी स्टोअरवाला."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे. पण तिथेच तासभर बसून राहिले. लोक आले, मास्क घेऊन गेले, मी बसलेलीच. अण्णाही माझ्या मागोमाग चालत आले होते, ते उन्हात लांब उभे होते. शेवटी शब्बीरभाईंनी एक मास्क काढला, पेन उचललं आणि मोठ्याने म्हणाले, "नाव लिहितो. इकामा नंबरच्या जागी काय लिहू, अण्णा?"

अण्णा लांबूनच म्हणाले, "नाग लिहा. इकामा माणसांना लागतो."

शब्बीरभाईंनी एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "अण्णा, नागाच्या मापाचा स्टोअरला आलेला नाय. हाच चालवून घ्या," म्हणाले आणि त्या जागी सरळ एक रेघ ओढली. फार सज्जन माणूस.

घरी येऊन आम्ही आतली खोली तयार केली. खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराच्या खाली घालायला ओला टॉवेल, आत पाणी, बिस्किटं, रेडिओ. ह्यांनी सगळ्यांना दाखवलं, भोंगा वाजला की आत यायचं, दार लावायचं, पट्टी मारायची, मास्क घालायचा. पिंकीने एका झटक्यात मास्क घालून दाखवला. अण्णा दाराबाहेर उभे होते. त्यांनी खोली निरखून बघितली. एक दार, खिडकी बंद. मग माझ्याकडे बघितलं.

"मी येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"जमणार नाही."

"अहो पण का जमणार नाही?"

"काही गोष्टी बोलू नयेत, सूनबाई. घरात शांतता राहते."

मला वाटलं, वयाचा हट्ट आहे, दोन दिवसांत उतरेल. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी पहिला भोंगा वाजला. मी गॅस बंद केला, पिंकीला काखोटीला मारलं, ह्यांना खोलीत ढकललं आणि हाक मारली, "अण्णा, चला." अण्णा ओट्यावर मांडी घालून, दोन्ही तळहात सिमेंटवर टेकवून बसलेले. "लांब आहे," म्हणाले. "उत्तरेला. तुम्ही व्हा आत."

हे बाहेर धावले, "अण्णा, उठा." अण्णा उठेनात. "अण्णा, मी तुम्हाला उचलून नेईन." अण्णा म्हणाले, "फुरसं सुद्धा कोणी असं हातात उचलत नाही, मी नाग आहे." वीस मिनिटं आम्ही दार अर्धं उघडं ठेवून, अर्धे आत अर्धे बाहेर असे उभे होतो. म्हणजे खोली बंद करायचा उपयोग शून्य. त्या वीस मिनिटांत मला सासूबाईंचा आवाज सारखा ऐकू येत होता. भोंगा थांबला, आणि अण्णा विचारत होते, "चहा टाकतेस का, सूनबाई?"

असं चार वेळा झालं. मी रडले, ओरडले, अबोला धरला. अबोल्याचा त्यांना उलट फायदाच झाल्यासारखा दिसला. ह्यांनी बापाला सांगितलं, वायू नागालाही बाधतो. अण्णा म्हणाले, "बाधतो ना. मी कुठे नाही म्हणतोय?" पिंकीने सांगून बघितलं, "आजोबा, प्लीज अंदर आओ ना." अण्णांनी तिला जवळ घेतलं, पापा घेतला आणि आत पाठवून दिलं. स्वतः बाहेरच.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आपलं चुकतंय कुठे. आपण माणसाला समजावतोय. समोर नाग आहे. नागाला समजावत नाहीत. नागाला गाऱ्हाणं घालतात.

ज्यांना कोकणातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्यांच्या गावी काही अडलं की देवापुढे, राखणदारापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग देवाचा कौल घेतात. मूर्तीच्या दोन बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिथे वाद संपतो. मी साताऱ्याची, मला ह्यातलं ऐकून ठाऊक. पण मी ठरवलं की ठरवलं.

"सुमन, तो माझा बाप आहे. बापाला गाऱ्हाणं घालू?" हे म्हणाले.

"बापाला नाही घालायचं. नागाला घालायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, समोर समई नव्हती म्हणून टॉर्च लावून ठेवला. अण्णांनी हरकत घेतली नाही. उलट पंचा नीट केला आणि ताठ बसले. व्हय म्हाराजा म्हणायला माणसं कमी पडत होती, म्हणून मी शब्बीरभाईंनाच बोलावून आणलं. ते दारातच घुटमळले. "वहिनी, माझ्या धर्मात हे बसत नाय."

"तुम्ही देवाला म्हणू नका. अण्णांना म्हणा. अण्णांना हो म्हणायला काय हरकत?"

"अण्णांना हो म्हणतो मी," असं म्हणून ते आत येऊन उभे राहिले.

ह्यांनी हात जोडले आणि सुरू केलं. "बा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्याकडे गाऱ्हाणा घातलेला आसा, ता ऐकून घे."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या परमुलखात जा काय इघ्न इलेला आसा, त्यातसून तुझ्या लेकरांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

"आणि भोंगो वाजलो काय आतल्या खोलयेत येऊन बस, मास्क घाल, आणि ह्या सुनेक उगाच रडवू नको."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी शब्बीरभाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

अण्णा डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "गाऱ्हाणं पोचलं. कौल घ्या."

फुलं अल खर्जच्या जानेवारीत आणि तेही लढाईत मिळायची नव्हती. मी पिंकीच्या डब्यातले दोन कॉर्नफ्लेक्स ओले केले आणि अण्णांच्या दोन्ही गालांवर चिकटवले. आता कबूल करायला हरकत नाही, मी थोडी लबाडी केली होती. कोपऱ्यात अण्णांच्या उजव्या बाजूला टेबलफॅन आधीच आणून ठेवला होता. देवाच्या मनात नसलं तरी पंख्याच्या मनात होतं. मी गुपचूप बटण दाबलं.

पंखा फिरायला लागला. फिरायला म्हणजे, नुसती पाती नव्हे. त्याचं मुंडकंच डावी-उजवीकडे वळायला लागलं, कारण ते एका जागी धरून ठेवायची खुंटी वर ओढायची मी विसरले होते. उजव्या गालाला वारा लागायच्या आतच ते तिथून वळलं. मुंडकं आपलं सावकाश निघालं, शब्बीरभाईंच्या अंगावरून, ह्यांच्या अंगावरून, पिंकीचे केस उडवत पलीकडे गेलं, आणि टप्. डावा कॉर्नफ्लेक अण्णांच्या मांडीवर.

"डावा," अण्णा डोळे उघडून म्हणाले. "नाही म्हणतोय."

"परत लावू," मी म्हटलं.

"कौल परत लावत नाहीत, सूनबाई." त्यांनी उजव्या गालावरचा कॉर्नफ्लेक काढला आणि खाल्ला. शब्बीरभाई सांत्वन केल्यासारखा चेहरा करून निघून गेले.

मला इतका संताप आला होता की तासन्‌तास मी भांडी घासली. घासलेलीही घासली. आणि त्याच दुपारी चारच्या सुमाराला भोंगा वाजला.

ह्यांना आणि पिंकीला मी आत घातलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. "पट्टी मारा. मी अण्णांना घेऊन आल्याशिवाय उघडू नका." हे आतून काहीतरी ओरडत होते, पण मास्कमधून ते शब्द नव्हते. मी अण्णांचा मास्क हातात घेतला, माझा गळ्यात लटकवला आणि ओट्यावर गेले. अण्णा नेहमीच्या जागी, तळहात टेकवून. चेहरा मात्र नेहमीचा नव्हता.

"काय लागतंय तळहाताला?" मी विचारलं.

"आज जवळ आहे," ते हळूच म्हणाले.

मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. ते मागे सरकले. मी एक पाऊल टाकलं, ते एक वीत मागे. मी अजून एक टाकलं, ते भिंतीला टेकले. आणि तेव्हा मला नऊ वर्षांत पहिल्यांदा दिसलं, की हा माणूस माझ्यापासून कायम दोन हात लांब असतो. मी ताट वाढलं की ते सरकवून घेतात. मी बसले की उठून ओट्यावर जातात. मला वाटायचं, सुनेची अदब राखतात.

"अण्णा, खरं सांगा, खोलीत यायला काय अडतंय तुमचं?"

"सांगितलं तर तुला राग येईल."

"नाही येणार," मी दात आवळून म्हटलं.

"तू मुंगूस आहेस."

वर भोंगा ओरडत होता, आणि मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते.

"बघायला आलो तेव्हाच ओळखलं होतं," अण्णा म्हणाले. "पोह्यांची ताटली घेऊन आत आलीस आणि मान अशी झटकन वळवलीस. पण मुलगी चांगली होती, विलासला पसंत होती, मी म्हटलं आपण आपलं जपून राहू. मोठ्या घरात जमतं. मोकळ्या ओट्यावर जमतं. पण एका दाराच्या खोलीत, खिडकी बंद, दाराला पट्टी, आणि आत मुंगूस. कुठल्याही नागाला विचार, सूनबाई."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती, नऊ वर्षांची साठलेली. पण त्याऐवजी मला रडूच आलं. भोकाड पसरून. मी तिथेच खाली बसले. "अण्णा, मला फार भीती वाटतेय हो. मी आईंना शब्द दिलाय. तुम्हाला काही झालं तर मी त्यांना काय सांगू?"

अण्णांनी तळहात सिमेंटवरून उचलले. मग म्हणाले, "भीती मलाही वाटते. ते वरचं एकदाच पडणार, त्याची जरा कमी वाटते. तुझी रोजची." आणि मग, नऊ वर्षांत कधी नव्हे ते, दोन हातांतलं एक हात अंतर त्यांनी कमी केलं. "वाईट वाटून घेऊ नको. मुंगूस वाईट नसतं. पिल्लांसाठी जिवावर उदार होतं. आत्ता सुद्धा मास्क न घालता तू बाहेर आली आहेस, दुसरं कोणी आलं नसतं. फक्त त्याचं तोंड मोकळं असेल, तर नागाला बसवत नाही."

मी डोळे पुसले. गळ्यातला मास्क बघितला. बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात तसा तो होता, फक्त रबरी. मी तो डोक्यावरून घेतला, तोंडावर ओढला आणि मागचे सगळे पट्टे करकचून आवळले.

अण्णांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. बाजूने बघितलं. "एक पट्टा सैल आहे," म्हणाले. मी तोही आवळला. तेवढ्यात रियाधच्या दिशेने कुठेतरी धाडकन आवाज झाला, क्वार्टरची तावदानं थरथरली, आणि माझे सासरे माझ्या आधी खोलीच्या दाराशी पोचलेले होते.

आत गेल्यावर त्यांनी आपला मास्क इतक्या सफाईने चढवला की मी बघतच राहिले. (रोज दुपारी माझा डोळा लागला की सराव करत होते म्हणे.) आम्ही चौघं भिंतीला टेकून बसलो. बाहेरचं सगळं पिंकीने दाराला कान लावून ऐकलेलं. तिने मास्कच्या आतून विचारलं, "पापा, मम्मी सच में मॉन्गूस है?"

कोणताही नवरा ह्यावर छे छे म्हणतो. आमचे हे काही म्हणाले नाहीत. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. मी ह्यांना जे काही सुनावलं ते सगळं माझ्या मास्कच्या काचेवर वाफ होऊन बसलं.

त्यानंतरचे सगळे भोंगे अण्णांनी खोलीत काढले. अट एकच, आधी मुंगसाने मास्क घालायचा, मग नाग आत येणार. भोंगा कधी वाजेल ह्याचा नेम नसायचा, म्हणून मी संध्याकाळ झाली की मास्क चढवूनच ठेवायला लागले. स्वयंपाक मास्कमध्ये, पिंकीचा अभ्यास मास्कमध्ये. अण्णा निर्धास्त झाले. शेजारी बसून चहा पिऊ लागले, मला मोजणी खात्यातल्या गोष्टी सांगू लागले, एकदा तर स्वतःच्या हाताने माझा मागचा पट्टा सरळ केला. मला खोटं कशाला बोलायचं, त्यांचं ते जवळ बसणं मला फार आवडलं. अख्खं आखात पेटलेलं असताना आमच्या घरात जी शांतता होती, तशी त्यापूर्वी कधी नव्हती, असं आमचे हे अजून सांगतात. ज्याला त्याला सांगतात.

फेब्रुवारी सरता सरता लढाई संपली. रेडिओवर बातमी आली, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणीतरी हॉर्न वाजवत गाडी फिरवत होतं. मार्चमध्ये विमानं सुटायला लागल्यावर अण्णा लोकरी कोट आणि दोन घोंगड्या पांघरून धडधाकट कुडाळला पोचले, आणि सासूबाईंनी फोन करून मला आशीर्वाद दिला. पण त्याच्या आधी, बातमी आली त्याच संध्याकाळी, शब्बीरभाई वही घेऊन आमच्या ओट्यावर आले होते.

"विलासभाई, मास्क परत जमा करायचेत. चार."

ह्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी ह्यांच्याकडे बघितलं. बाप-लेकांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

"तीन घ्या शब्बीरभाई," हे हळू आवाजात म्हणाले. "एक हरवला असं लिहा."

"कुणाचा हरवला म्हणून लिहू?"

दोघांनीही माझ्याकडे मान वळवली. मी ताडकन उभी राहिले, कमरेला पदर खोचला आणि तिघांनाही असं काही फैलावर घेतलं, की माझं तोंड दहा मिनिटं थांबलं नाही.

कोणाला एक अक्षर कळलं नाही. मास्क अजून तोंडावरच होता.